ओळंब्यासमोर उभी माणसं

माणसांना "सरळ उभे राहा" असं सांगून पोट भरणाऱ्या माणसाकडे किस्से साठणारच. कारण सरळ कुणालाच उभं राहता येत नाही, आणि आपण सरळ उभे आहोत अशी प्रत्येकाची खात्री असते. मी फिजिओथेरपिस्ट. बेलवलीचा भोईर. कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या धंद्याचं नाव बदलापूर-अंबरनाथात कुणाला धड उच्चारता येत नव्हतं. लोक आम्हाला "शेकवाले" म्हणत. आजही चार मित्र जमले की मी सुरू होतो आणि बायको शांतपणे चहा टाकायला उठते. तिला सगळे पाठ आहेत.

अंबरनाथ पूर्वेला एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. तिथे नाडकर्णी मॅडमच्या हाताखाली मी लागलो. मॅडम पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. तिसऱ्या आमच्या ताराबाई. बारवीकडच्या पाड्यावरून रोज यायच्या आणि खोलीची साफसफाई, पेशंटचे नंबर, दार लावणं-उघडणं सगळं बघायच्या. एवढाच आमचा विभाग. एक खोली, दोन खाटा, शेकाचा एक लाल दिवा.

आणि एक ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे की नाही बघायला दोरीला बांधून सोडतात तोच. मॅडमनी तो छताच्या हुकाला टांगला होता. पेशंटला त्याच्या शेजारी एका अंगाने उभं करायचं आणि बघायचं. दोरी कानावरून, खांद्यावरून, कमरेवरून, गुडघ्यावरून जाते का? जात नसेल तर कुठे सुटते? एक स्नायू आखडला की त्याचा जोडीदार ढिला पडतो, मग माणूस हळूहळू वाकडा होतो आणि दुखायला लागतं भलतीकडेच. मॅडमचं म्हणणं असं की दुखतं तिथे शेक देण्याआधी माणूस उभा कसा राहतो, चालतो कसा, ते बघा.

दवाखान्याचे मुख्य होते हाडांचे मोठे डॉक्टर. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. त्यांना हे सगळं थोतांड वाटायचं. "गोळी, पट्टा, शेक," ते म्हणायचे, "यात बघण्यासारखं काय आहे?" एक्स-रेचं नवीन मशीन यायचं होतं आणि त्यांना त्यासाठी आमची खोली हवी होती. मॅडमनी एक वर्ष मागून घेतलं. साहेब म्हणाले, "ठीक. या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत. नुसतं बघून माणसं बरी झाली तर खोली तुमची. नाहीतर तुमच्या लाल दिव्यासकट व्हरांड्यात."

मी तर जाम खूश झालो. वर्षभर नुसती माणसं बघायची!

*

मॅडमची एक पद्धत होती. पेशंट फाटकातून आत शिरला की त्या खिडकीत जाऊन उभ्या राहायच्या. "दारातून आत आला की माणूस खोटा चालतो, भोईर. खरा चालतो तो फाटकापासून पायरीपर्यंत."

पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त पी.टी. मास्तर आले. कंबर धरलेली. ओळंब्यासमोर उभं राहायला सांगितलं तर असे ताठ की दोरी लाजावी. छाती पुढे, हनुवटी आत. मी कागदावर लिहिलं, "दोष नाही." मॅडमनी कागद वाचला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, विश्राम."

मास्तरांचे खांदे पडले, पोट पुढे आलं, एक गुडघा वाकला, मान लोंबली. क्षणात दुसराच माणूस उभा होता. तीस वर्षं शाळेत सावधान आणि घरी हे.

"कधीपासून असं?" मी विचारलं.

मास्तर म्हणाले, "विश्राम मला कुणी दिलाच नव्हता हो."

*

जवळच्या सिंधी वसाहतीतल्या कॅम्प एकमधून एक कापडवाले आले, तुलसीभाई. मान उजवीकडे वळत नाही. डावीकडे छान, उजवीकडे जरा वळवली की खलास. साहेबांनी पट्टा दिला होता, तो लावून मान आणखी आखडली होती.

मॅडमनी त्यांना बसवलं, वळवलं, दाबून बघितलं आणि विचारलं, "दुकानात तुमच्या उजव्या हाताला काय आहे?"

तुलसीभाई म्हणाले, "उधर… उधर भाई बैठता है."

"आणि?"

"आणि कुछ नहीं, मॅडम. चार साल से बात नहीं है."

मॅडमनी मला दुकान बघायला पाठवलं. माणूस दिवस काढतो ती जागा बघितल्याशिवाय त्या काही ठरवत नसत. एकच गादी. डाव्या टोकाला तुलसीभाई, उजव्या टोकाला धाकटा गोपाळ, मध्ये कापडाच्या ताक्यांचा ढीग. आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. गिऱ्हाईक आलं की एक डावीकडून बोलतो, एक उजवीकडून. चार वर्षं हे असं चाललं होतं. मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. मानेचं कारण माझ्यासमोर गादीवर बसलं होतं.

तुलसीभाईंना व्यायाम दिला. दर तासाला मान उजवीकडे वळवायची, दहा आकडे मोजेपर्यंत तिथेच ठेवायची. दुकानातच.

चार दिवसांनी गोपाळ आला. एकटा, गपचूप. "मेरी गर्दन बाएँ नहीं घूमती. बड़े भाई को मत बताना." मी तोंड दाबून मॅडमकडे बघितलं. मॅडमचा चेहरा जसाच्या तसा. तोच व्यायाम दिला, उलट बाजूने. आणि वेळ नेमकी सांगितली. घड्याळात ठोका पडला की.

पुढचं तुलसीभाईंनीच सांगितलं. अकराचा ठोका पडला, दोघांनी मान वळवली, आणि चार वर्षांनी समोरासमोर. दहा आकडे होईपर्यंत कुणालाच मान फिरवता येईना, कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं! असं दिवसातून आठ वेळा. तिसऱ्या आठवड्यात धाकटा म्हणाला, "ताका सरक रहा है, पकड़ो." हे चार वर्षांतलं पहिलं वाक्य.

महिन्याने तुलसीभाई पेढे घेऊन आले. मान दोन्हीकडे वळत होती. मी विचारलं, "आता काही त्रास?"

"एक है, साईं. वो बोलता बहुत है."

*

आता माझी चूक सांगतो. लपवण्यात अर्थ नाही, अंबरनाथात अजून आठवण काढतात.

उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की जो येतो त्याची उजवी कंबर वर आणि डावी खाली. कारखान्यातला कामगार असो, शाळेतल्या बाई असोत, वांगणीचा शेतकरी असो. सगळ्यांची! माझी तर झोप उडाली. मी ठरवलं की हा अंबरनाथचा खास दोष आहे, याच्यावर निबंध लिहायचा आणि मुंबईच्या परिषदेत वाचायचा. शीर्षकही ठरलं. तोपर्यंत उपाय म्हणून मी सात-आठ जणांच्या डाव्या चपलेत स्टेशनजवळच्या चांभाराकडून टाचेखाली पट्टी लावून घेतली. मॅडम तेव्हा पंधरा दिवस रजेवर होत्या, म्हणून माझं फावलं.

मॅडम परत आल्या त्या दिवशी ताराबाई खोली धूत होत्या. बादली ओतली आणि सगळं पाणी एका कोपऱ्याकडे धावलं. मॅडम त्या पाण्याकडे बघत राहिल्या.

"ताराबाई, या खोलीत आधी काय होतं?"

"सैपाकघर व्हतं, मॅडम. तिकडं मोरी व्हती ना. उतार हाय."

मी ओळंब्याखाली गेलो. पेशंट उभा राहतो ती फरशी बघितली. डावीकडे उतार. ओळंबा सरळ होता, माणसं सरळ होती, फरशी वाकडी होती! आदल्याच महिन्यात मी खाटेला जागा करायला ओळंबा दुसऱ्या हुकावर, मोरीच्या बाजूला हलवला होता.

मॅडम म्हणाल्या, "भोईर, निबंध लिहा. पण फरशीवर."

मला वाटलं झालं, हे साहेबांना कळलं की दिवाळीची वाट कशाला बघतील. मी मॅडमना म्हणालो, कुणाला सांगायला नको, आपण गुपचूप निस्तरू. त्या सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि सगळं सांगून आल्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दिवाळीला पाच महिने आहेत." मला त्या दिवशी स्वतःची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

गवंडी आणून तेवढा तुकडा सपाट केला. एकेका पेशंटला निरोप धाडून बोलावलं, माफी मागितली आणि पट्ट्या काढल्या. सगळे आले. फक्त रेशनिंग ऑफिसातला एक बुटका कारकून पट्टी काढू देईना. "राहू द्या हो," तो म्हणाला, "मंडळी म्हणतात बरा दिसतो. उलट उजव्यालाही एक लावून द्या."

*

बेलवलीतला किशोर कबड्डीत चढाई करायचा. वाऱ्यासारखा पोरगा, पण दर दोन सामन्यांनी मांडीची मागची शीर धरायची. तपासलं तर मांडी निर्दोष. दोष डाव्या कुल्ल्यात. तो स्नायू कामच करत नव्हता, त्याचं सगळं ओझं मांडी वाहत होती. महिनाभर त्याच्याकडून व्यायाम करून घेतले. पण मॅडम म्हणाल्या, खाटेवर ठीक आहे, खेळताना काय करतो ते बघून या.

रविवारी बदलापूर गावच्या मैदानात वांगणीच्या संघाशी सामना होता. मी वही घेऊन रेषेजवळ बसलो. शांतपणे निरीक्षण करायचं ठरवून गेलो होतो. पण सामना आला बरोबरीत, किशोर शेवटच्या चढाईला निघाला, आणि मला दिसलं की कुल्ला परत झोपला! मी वही फेकून उभा राहिलो आणि ओरडलो, "डावा कुल्ला! किशोर, डावा कुल्ला!"

बेलवलीच्या पोरांना वाटलं ही काहीतरी घोषणा आहे. सगळी बाजू ओरडायला लागली. शे-दीडशे माणसं एका सुरात "डावा कुल्ला, डावा कुल्ला!" वांगणीवाल्यांना वाटलं हा डाव आहे, पोरगा डावीकडे शिरणार. सगळे डावीकडे सरकले. किशोर उजवीकडून दोघांना शिवून परत आला. आणि परत येताना रेषेवर झेप घेतली ती डाव्या पायाने, कुल्ला दाबून, अगदी शिकवली तशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढची दोन वर्षं बेलवलीत मला नावाने कुणी हाक मारली नाही. आमच्या आईबरोबर बाजारात गेलो तर भाजीवाला म्हणाला, "या डावा कुल्ला, वांगी ताजी आहेत." आईने त्या दिवशी भाजी घेतली नाही.

*

साहेबांनी एकदा चिठ्ठी देऊन एक माणूस पाठवला. पवार, साताऱ्याकडचा, अंबरनाथच्या एका पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. चिठ्ठीत लिहिलं होतं, "नाटकी आहे. तपासून कळवा."

मॅडम खिडकीत होत्याच. पवार फाटकातून पेरूच्या झाडापर्यंत सरळ चालत आला. झाडापासून उजव्या पायाने लंगडायला लागला. पायऱ्या चढला तेव्हा डाव्याने लंगडत होता. मी हसायला लागलो. मॅडम हसल्या नाहीत.

आत आल्यावर त्याला उभं केलं, वाकवलं, एका पायावर तोलायला लावलं. मग कमरेच्या वर डाव्या बाजूला एका जागी मॅडमनी अंगठा ठेवला. पवारने श्वास आत ओढला आणि खाटेची कड घट्ट धरली. ती जागा लाकडासारखी कडक होती. रोज पूर्ण पाळी डाव्या पायावर उभं राहून उजव्याने मशीनचं पायडल मारायचं. अशी अकरा वर्षं.

"पाठ एवढी दुखते तर लंगडता कशाला?" मॅडमनी विचारलं.

पवारने मान खाली घातली. "पाठ दुखतीया म्हटलं तर कोन मानतं, बाई? फोरमन म्हनतो, दाव कुटं दुखतंय. लंगडलं म्हंजे दिसतं तरी."

मी हसलो होतो, ते मला फार टोचलं. मॅडमनी साहेबांच्या चिठ्ठीमागेच लिहिलं, "लंगडणं खोटं. पाठ खरी." साहेब चिठ्ठी घेऊन स्वतः खोलीत आले. वर्षात पहिल्यांदाच. पवारला पालथं झोपवून त्यांनी त्याच जागी अंगठा दाबला.  मग कंपनीला पत्र त्यांनीच लिहिलं, की या माणसाचं पायडल एक आठवडा उजव्या, एक आठवडा डाव्या पायाला द्या.

सहा आठवड्यांनी पवार आला. पाठ मऊ पडली होती, आणि गडी फाटकापासून लंगडत आला.

"आता काय?" मी घाबरून विचारलं.

"पाठ ब्येस हाय, साहेब. ही आता सवय लागली. ही घालवा."

*

आणि हा शेवटचा. दिवाळीला आठ दिवस होते. आमची खोली राहणार की जाणार हे साहेब अजून बोलले नव्हते. मशीन येऊन व्हरांड्यात खोक्यात पडलं होतं, आणि मी रोज त्या खोक्याला वळसा घालून आत जायचो. मॅडम दिसायला शांत होत्या, पण त्यांनी आपली पुस्तकं पिशवीत भरायला घेतली होती.

त्या दिवशी साहेब स्वतः एका म्हातारीला हाताला धरून घेऊन आले. जनीआजी. बारवीकडच्या पाड्यावरची, सत्तरीपुढची. मुलगा अंबरनाथच्या कंपनीत लागला होता, त्याने बेलवलीत खोली घेतली आणि आईला आणलं. तेव्हापासून तिची मान आणि खांदे दुखत होते. साहेबांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला, बाहेरून दोनदा एक्स-रे काढून आणवले.

"मला काही सापडलं नाही," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांना जड गेलं, ते मला दिसलं. "तुम्ही बघा. मग खोलीचं बोलू." आणि स्टूल ओढून बसले.

आम्ही बघायला लागलो. आजीला ओळंब्याशेजारी उभं केलं. मान पुढे, खांदे गोल, छाती आत, नजर जमिनीवर. चालायला सांगितलं तर पावलं लहान, हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, कधी पदर धरते, कधी सोडते. मी भराभर लिहीत होतो. नऊ दोष झाले. कागद भरला. मॅडम एकेक व्यायाम करून दाखवत होत्या आणि आजी त्यांच्याकडे बघून गोंधळून हसत होती. तिला एकही जमेना. साहेबांनी घड्याळ बघितलं. 

तेवढ्यात दारातून ताराबाई म्हणाल्या, "मॅडम, तिला रिकामी नका चालवू."

"म्हणजे?"

"रिकामं चालायची सवय नाय आमच्याकडं."

मॅडम बाजूला झाल्या. ताराबाईंनी व्हरांड्यातली पिण्याच्या पाण्याची भरलेली कळशी आणली, खाटेवरचा टॉवेल गुंडाळून चुंबळ केली, आजीच्या डोक्यावर ठेवली आणि वर कळशी.

आजीची मान उठली. खांदे आपोआप मागे गेले. छाती उघडली, नजर समोर गेली, हात सुटे झाले. आणि ती चालायला लागली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वळून परत. पाणी हललंसुद्धा नाही. ओळंब्यापाशी आली तेव्हा दोरी कानावरून, खांद्यावरून, कमरेवरून, गुडघ्यावरून सरळ खाली. असं चित्र मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. 

मॅडमचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "आजी, मान नक्की कधीपासून दुखते?"

"नल आला तवापासून," आजी म्हणाली. "सून बोलते, घरात नल हाय, आता कशाला पानी वाहतेस."

मॅडमनी माझ्या हातातला नऊ दोषांचा कागद घेतला आणि फाडला. नवीन कागदावर औषध लिहितात तसं लिहिलं, "कळशी एक. सकाळी व संध्याकाळी." आणि साहेबांपुढे धरला.

साहेबांनी तो वाचला. परत वाचला. मग उठले, कोट काढून खाटेवर ठेवला आणि ताराबाईंना म्हणाले, "अर्धी रिकामी करा." आम्हाला वाटलं प्यायला पाणी हवंय. ताराबाईंनी आजीच्या डोक्यावरची कळशी उतरवली, तिला स्टुलावर बसवलं आणि कळशी अर्धी केली. तीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलावर वाकून साहेबांची मान पुढे आलेली होती. आम्ही सगळे ते बघत होतो, बोलायची हिंमत कुणाची नव्हती. त्यांनी चुंबळ स्वतःच डोक्यावर ठेवली, वर कळशी घेतली, दोन्ही हातांनी धरून एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. एक हात सोडला.

तिसऱ्या पावलाला म्हणाले, "भोईर, ते खोकं मागच्या स्टोअरमध्ये न्यायला सांगा." आणि बोलता बोलता आपल्या पायांकडे बघितलं. पाणी सगळं बुटांवर.

स्टुलावर बसलेली जनीआजी म्हणाली, "सायेब, खाली काय बगतो? जमीन कुठं पलून नाय जात."